गच्चीवरच्या वीस मीटर वायरीसाठी: गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य,
सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे, मुंबई, पुणे आणि जिथे जिथे गच्चीला कुलूप असतं तिथे

विषय: हौशी रेडिओ केंद्राची अँटेना गच्चीवर लावू देण्याबाबत

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या सोसायटीत एका मुलीचा अर्ज नामंजूर झाला. मुलगी आठवीत आहे. अर्ज तिने स्वतःच्या हाताने, समास सोडून, शाईच्या पेनने लिहिला होता आणि खाली आईची सही घेतली होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून दोन्ही बाजूंच्या कठड्यापर्यंत वीस मीटर वायर बांधू द्यावी, एवढीच मागणी. उत्तर एका ओळीचं आलं: सभासदांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने परवानगी देता येत नाही.

त्या सोसायटीचं नाव मी लिहीत नाही. ही गोष्ट एका सोसायटीची नाहीच. मी ज्यांना ज्यांना हा छंद लागावा म्हणून मदत केली, त्यांतले फार थोडे परीक्षेत अडकले. पैशांनीही फारसे कुणी अडले नाहीत. अडले ते गच्चीच्या दारात. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहितो आहे. थोडं लांबेल, पण मासिक सभेच्या आधी कुणी एकाने जरी वाचून बाकीच्यांना सांगितलं तरी चालेल.

आधी हे काय आहे ते सांगतो, कारण अर्जातला 'हॅम रेडिओ' हा शब्द वाचून अनेकांना वाटतं की मुलांना एफएम स्टेशन काढायचं आहे. तसं नाही. हॅम रेडिओ म्हणजे स्वतःच्या यंत्रावरून, मध्ये कुठलीही कंपनी, टॉवर किंवा इंटरनेट न घेता, दुसऱ्या माणसाशी थेट बोलणं. त्यासाठी भारत सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. तो देणाऱ्या शाखेला आम्ही सगळे डब्ल्यूपीसी म्हणतो. वय बारा वर्षं पूर्ण लागतं. परीक्षेत रेडिओचं तंत्र विचारतात आणि नियमही विचारतात. पहिल्या पायरीचा परवाना 'रिस्ट्रिक्टेड', वरचा 'जनरल'. वरच्यासाठी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, यावी लागते. पास झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते, त्यात महिने जातात, आणि मग एक दिवस तुमच्या नावाचा कॉल साईन येतो. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचा व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलवाल्यांचा व्हीयू२ ने. व्हीयू म्हणजे भारत. ती अक्षरं हवेत म्हटली की जगातल्या कुठल्याही हॅमला कळतं की इकडून भारतातला माणूस बोलतो आहे.

या मुलीचा कॉल साईन आला त्या दिवशी तिने तो वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घराच्या दारावर चिकटवला, आजोबांच्या नावाच्या पाटीखाली. पाटीवर 'एम.ए., बी.एड.' आहे आणि खाली 'व्हीयू३'. मला ते दार फार आवडतं.

तिची सुरुवात कशी झाली तेही सांगण्यासारखं आहे. २०२५च्या जुलैमध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर होते आणि तिथून ते आपल्याकडच्या शाळेतल्या मुलांशी हॅम रेडिओवरून बोलले. ही बातमी तिने वाचली आणि थेट माझ्याकडे आली. काका, ते आपल्याला ऐकू येईल का? मी म्हटलं, ते संभाषण होऊन गेलं, पण स्थानक रोज डोक्यावरून जातं आणि त्यावर हॅमसाठी एक रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुन्हा खाली पाठवणारं यंत्र, ठेवलेला आहे, तो चालू असला तर बघू. आमच्या इमारतीची गच्ची आम्हाला उघडी असते. संध्याकाळी दोघं वर गेलो, सोबत तिची आजी. माझ्याकडे हातात धरायची छोटी यागी अँटेना आहे, इलेक्ट्रिकच्या फिटिंगच्या पाइपवर अॅल्युमिनियमच्या काड्या बसवलेली. ती तिच्या हातात दिली आणि सांगितलं, वायव्येकडे धर, अगदी खाली, त्या होर्डिंगच्या वर बोटभर. हँडी, म्हणजे हातातला छोटा सेट, ४३७.८१० मेगाहर्ट्झवर लावला. रिपीटरची खरी फ्रिक्वेन्सी ४३७.८००, पण स्थानक आपल्याकडे येत असतं तेव्हा ती थोडी वर सरकलेली ऐकू येते आणि दूर जाताना खाली उतरते, रेल्वेचा भोंगा गाडी पुढून गेल्यावर बसल्यासारखा होतो ना, तसंच. आधी नुसती खरखर. मग खरखर एकदम थांबली आणि त्या शांततेत एक मल्याळी वळणाचा आवाज आपला कॉल साईन सांगू लागला. त्याच्यामागून आणखी एक, अरबी उच्चारांचा. ते आवाज चारशे किलोमीटर वर जाऊन आमच्या कठड्यावर उतरत होते. मुलीचा हात थरथरत होता म्हणून आजीने खालून कोपर धरलं. दहा मिनिटांत स्थानक पूर्वेला बुडालं आणि पुन्हा खरखर सुरू झाली. आजी म्हणाल्या, "गेलं का?" त्या 'गेलं का'मध्ये जी हळहळ होती, ती मी चौतीस वर्षांपूर्वी स्वतः अनुभवलेली आहे.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. १९९१ साली परवाना काढला. शिकवणारे आमच्याच मजल्यावर राहत. नोकरीवरून आले की बनियनवर बसून मोर्सची की टकटकवत. आमची वायर एका चाळीच्या गॅलरीतून समोरच्या चाळीच्या कौलांपर्यंत गेलेली होती. ती बांधायला पतंग उडवणारी पोरं मदतीला आली, समोरच्या काकूंनी खांबाला गाठ मारू दिली, आणि दिवाळीत त्याच दोरीला त्यांनी आकाशकंदील टांगला. कुणी ठराव केला नाही. चाळीत जागा कमी होती, पण 'आमची गच्ची' आणि 'तुमची गच्ची' असं काही नव्हतं. हे मी नुसतं जुन्याच्या ओढीने म्हणत नाही. चाळीतल्या भानगडीही मला माहीत आहेत. एवढंच की एका पोराला रेडिओ शिकायचा आहे म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न 'मग काय मदत करू' असा असायचा.

ठाण्यातल्या सोसायटीत आम्ही १९९८ साली आलो. इथे मी रीतसर अर्ज केला, सचिवांना घरी बोलावून रेडिओ ऐकवला आणि त्यांनी परवानगी दिली. तेव्हापासून आमच्या गच्चीवर माझी वायर आहे. पंचवीसहून जास्त पावसाळे तिने पाहिले. दोनदा मी ती बदलली. गच्ची गळली ती एकदाच, टाकीच्या पाइपच्या जोडापाशी, आणि त्याचा वायरीशी संबंध नव्हता हे प्लंबरनेच सांगितलं. तेव्हा मी जे लिहितो आहे ते अनुभवाचं आहे.

आता तुमच्या शंकांकडे येतो. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. ज्याच्या सहीवर इमारत चालते त्याने शंका घ्यायलाच हवी.

पहिली शंका वजनाची आणि पडण्याची. मुलगी मागते आहे ती वायर घरात फिटिंगला वापरतात तीच, दीड एमएमची. वीस मीटरचं वजन अर्धा किलोही भरत नाही. मध्यभागी टाकीच्या रेलिंगला एक पीव्हीसी पाइप, तिथून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वायर उतरत जाते आणि टोकाला नायलॉनच्या दोरीने कठड्याला बांधतात. उलटा व्ही. कपडे वाळत घालायच्या दोरीवर याहून कितीतरी पटीने भार असतो. कुठेही ड्रिल करायचं नाही, वॉटरप्रूफिंगला हात लावायचा नाही. वीसच मीटर का, असं कुणी विचारेल. तिला सात मेगाहर्ट्झवर बोलायचं आहे आणि त्या लहरीची लांबी साधारण बेचाळीस मीटर येते. तिच्या अर्ध्या लांबीची वायर त्या लहरीला नीट प्रतिसाद देते. तंबोऱ्याची तार जशी विशिष्ट लांबीलाच सुरात लागते तसंच.

दुसरी शंका रेडिएशनची. मोबाइल टॉवरच्या वादानंतर ही फार ऐकू येते. मोबाइलच्या काय किंवा रेडिओच्या काय, या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, त्यांच्यात अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद नसते. राहिला प्रश्न ऊर्जेचा. रिस्ट्रिक्टेड परवान्यात जास्तीत जास्त पन्नास वॉट वापरता येतात. तुमच्या दिवाणखान्यातला जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो. शिवाय टॉवर रात्रंदिवस चालतो. हॅम मात्र बटण दाबून बोलतो तेवढा वेळच लहरी सोडतो, बाकी सगळा वेळ ऐकत असतो. या छंदात नव्वद टक्के ऐकणंच असतं. तरी अंतर ठेवायला हवं, हे मीही मान्य करतो. बोलणं चालू असताना वायरीला कुणी हात लावू नये. म्हणूनच ती गच्चीवर, डोक्याच्या वर हवी, बाल्कनीत नको.

बाल्कनीत का लावत नाही, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. आपल्या बाल्कन्यांना लोखंडी ग्रिल असतात. रेडिओच्या दृष्टीने तो पिंजरा आहे. त्यात भर म्हणून घराघरातले एलईडी दिवे, मोबाइलचे स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर यांचा गोंगाट. मुलीने खिडकीत चार मीटर वायर टांगून पाहिली. तिला ऐकू आला तो वरच्या मजल्यावरच्या चार्जरचा आवाज, सतत, डासासारखा. दूरच्या स्टेशनचा आवाज त्यात बुडून जातो. एवढं वर्षभर शिकून, परीक्षा देऊन, शेवटी चार्जर ऐकायचा.

तिसरी शंका टीव्ही आणि वायफायमध्ये अडथळा येण्याची. ही पूर्वी खरी होती. गच्चीवर माशाच्या काट्यासारखे दूरदर्शनचे अँटेने असायचे तेव्हा माझ्यामुळे एकदा क्रिकेट सामन्याच्या वेळी शेजारच्यांच्या पडद्यावर रेषा आल्या होत्या आणि ते बरोबरच रागावले होते. आज डिश आणि वायफाय ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतात त्या आमच्या सात मेगाहर्ट्झपासून शेकडो पटींनी दूर आहेत. क्वचित एखाद्या स्वस्त स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते. त्याच्या वायरीवर फेराइटचा मणी चढवला की बहुतेक वेळा जाते. आणि नाही गेली तर बोलणं थांबवून दोष शोधणं हे परवानाधारकाचं काम आहे.

विजेची शंका पावसाळ्यात येते. वायर वीज ओढून आणत नाही. गच्चीवरचं सगळ्यात उंच धातूचं काम म्हणजे टाकीची शिडी किंवा लाइटनिंग अरेस्टर, वायर त्याच्या खालीच असते. तरीही आम्ही ढग गडगडायला लागले की केबल सेटपासून काढून बाहेर ठेवतो. ही सवय नवशिक्याला पहिल्या दिवशी लावतात.

आणि शेवटची शंका, जी अर्जाच्या उत्तरात कुणी लिहीत नाही पण जिन्यात बोलतात: हे हेरगिरीचं काही तर नाही ना? मी याचा राग मानत नाही. दिवस तसे आहेत. पण हॅमइतका उघडा माणूस दुसरा सापडणं अवघड. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. बोलताना कॉल साईन सांगावाच लागतो. सांकेतिक भाषेत, कूट करून बोलायला मनाई आहे. धंद्याचं बोलायला मनाई आहे. कुणाशी, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोललो याची लॉगबुकमध्ये नोंद ठेवावी लागते. आणि आमचं प्रत्येक वाक्य कुणीही ऐकू शकतो. काळजी करायचीच असेल तर परवाना लागणारा स्वस्त वॉकीटॉकी परवान्याशिवाय ऑनलाइन मागवून त्यावर बोलणाऱ्यांची करा. ते बेकायदा आहे, आणि पोरांना तेच सोपं वाटतं. परवान्याची वाट आपण कठीण करून ठेवली की ही बेकायदा वाट रुंदावते.

मुंबईच्या इमारतींचा आणि रेडिओचा संबंध जुना आहे. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे आज ही मुलगी जिथे बोलू पाहते आहे त्याच पट्ट्यात. महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी हौशी रेडिओचे परवाने रद्द केले होते. तरी त्यांचं ट्रान्समीटर जुळवायला एक हॅमच, नरिमन प्रिंटर, पुढे आला. पुढे तोच फुटला, तोही इतिहास आहे. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून ते सेट घेऊन एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जात राहिले, आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री पकडले गेले. त्या इमारतींमध्येही कुणीतरी घरमालक असतील, शेजारी असतील. त्यांना माहीत होतं की नाही ते कुणास ठाऊक. पण तेव्हा परक्या सरकारपासून वायर लपवावी लागत होती. आज आपलंच सरकार परीक्षा घेऊन, शिक्का मारून परवाना देतं आणि वायर लपवावी लागते ती शेजाऱ्यापासून. माझ्या ओळखीचा एक भाड्याने राहणारा इंजिनिअर मुलगा रात्री अकरानंतर खिडकीतून वायर सोडतो आणि पहाटे दूधवाला यायच्या आत गुंडाळतो. हे मला लाजिरवाणं वाटतं. त्याच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी.

आता तुम्ही विचाराल, यात सोसायटीचं काय हित? खरं तर हित नसतं तरी मी हे पत्र लिहिलंच असतं. बॅडमिंटनचं नेट लावताना आपण सोसायटीचं हित विचारत नाही, पोरं खेळतात एवढं पुरतं. पण हित आहे.

२००४च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद ही हॅम काही साथीदारांबरोबर पोर्ट ब्लेअरला गेली होती. उद्देश छंदाचाच. अंदमानातून बऱ्याच वर्षांत हॅम रेडिओ ऐकू आला नव्हता आणि जगभरचे लोक तिथल्या एका संपर्कासाठी आसुसलेले होते. आमच्या भाषेत याला डीएक्सपिडिशन म्हणतात. व्हीयू४आरबीआय या कॉल साईनवर ती रोज शेकडो लोकांशी बोलत होती. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली आणि मग त्सुनामी आली. फोन बंद पडले. आणि जे केंद्र गंमत म्हणून उभं केलेलं होतं ते अंदमान आणि मुख्य भूमी यांच्यातला दुवा झालं. लोकांची खुशाली, हरवलेल्यांची चौकशी, सगळं त्यावरून. मला या प्रसंगातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. अँटेना आधीपासून वर होती. आपत्ती आल्यावर अर्ज करून, ठराव घेऊन, किल्ली शोधून अँटेना लागत नाही.

२६ जुलै २००५ आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मोबाइल लागत नव्हते, लागले तर बॅटरी संपलेली. मी त्या रात्री गाडीची बॅटरी काढून वर आणली आणि दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे जवळपासच्या हॅमशी बोलायच्या पट्ट्यावर, बसलो. कुर्ल्याकडच्या एका हॅमकडून निरोप आला की त्यांच्या इमारतीच्या जिन्यात एक मुलगा थांबलेला आहे, ठाण्यात नौपाड्याला आईवडील आहेत, सांगाल का. पाण्यातून चालत जाऊन मी त्यांच्या दारावर थाप मारली. रात्रीचे दीड वाजले होते. त्या माउलीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात देवाजवळची समई होती, कारण घरात दुसरा उजेड नव्हता. मी म्हणालो, "तो सुखरूप आहे, कुर्ल्यात आहे, सकाळी येईल." याहून मोठं वाक्य मी रेडिओवरून आजवर पोचवलेलं नाही. जगातल्या कितीतरी देशांची क्यूएसएल कार्डं, म्हणजे बोलणं झाल्याची पोच देणारी कार्डं, माझ्या डब्यात आहेत, पण मला त्या रात्रीच्या लॉगबुकातली ती एक ओळ प्रिय आहे.

बंगालमधले हॅम दर वर्षी गंगासागरच्या जत्रेत बसतात आणि हरवलेल्या माणसांना घरच्यांची गाठ घालून देतात. आपल्याकडे आषाढी वारीत, कुंभात असंच काम उभं राहू शकतं. पण त्यासाठी माणसं लागतील, आणि माणसं तयार होतात ती घरी, रोज तासभर रेडिओवर बसून. आवाज खोल गेला तर काय करायचं, गर्दीत थोडक्यात कसं बोलायचं, समोरच्याचं ऐकून झाल्याशिवाय बटण कसं दाबायचं नाही, हे पुस्तकातून येत नाही.

शिकण्याचा भाग तर सांगायलाच नको. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सेट आखला, कुणालाही घरी बनवता यावा असा. त्याच्या पहिल्या रूपात महागड्या परदेशी रिंगांऐवजी कॉइल गुंडाळायला नळाचे वायसर वापरले होते. जगभरच्या लोकांनी तो सेट बनवला. पुण्यातल्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह केला, २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीवरून तो वर गेला, आणि त्याचं काम काय तर हॅम लोकांचे निरोप इकडून तिकडे नेणं. अशा मुलांची सुरुवात कुठे होते? बुधवार पेठेतल्या किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात दहा रुपयांचा कपॅसिटर मागताना. या मुलीने तिचा बॅलन, म्हणजे अँटेना आणि केबल यांच्यामधली कॉइल, स्वतः गुंडाळला आहे. सोल्डरिंग करताना एकदा बोट भाजलं, त्याचा डाग ती अभिमानाने दाखवते.

आणि सात मेगाहर्ट्झवर सकाळी काय ऐकू येतं ते तरी एकदा ऐका. ठाण्याहून सोडलेली लहर वर जाते, अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या थरावर आपटून पुन्हा खाली येते. सह्याद्री मध्ये येतच नाही. सकाळी सातला कोल्हापूरचा, रत्नागिरीचा, गोव्याचा, हुबळीचा माणूस समोर बसल्यासारखा बोलतो. सेट नीट लावला नसेल तर आवाज बदकासारखा येतो, डायल केसभर फिरवला की त्यातून माणूस बाहेर येतो. "फाइव्ह नाइन (म्हणजे आवाज अगदी स्पष्ट), पाऊस कसा आहे तिकडे?" निम्मी संभाषणं पावसाची असतात. उरलेली अँटेनाची. एकटे राहणारे दोन वयस्क हॅम मला माहीत आहेत, जे रोज एकमेकांची हजेरी घेतात. एखादा दोन दिवस आला नाही की दुसरा फोन करून शेजाऱ्यांना दार वाजवायला सांगतो. तुमच्या इमारतीतही असे एकटे राहणारे ज्येष्ठ असतील. त्यांनाही हा छंद लागू शकतो. बाराव्या वर्षी सुरू करता येतो तसा साठाव्या वर्षीही.

तर माझी विनंती अशी. कुणी परवान्याची प्रत जोडून अर्ज केला, तर त्याला आधी बोलवा आणि विचारा. नकाराचं पत्र मागाहून लिहिता येईल. अटी घाला, जरूर घाला. ड्रिल करायचं नाही, केबल डक्टमधूनच न्यायची, वायर डोक्याच्या उंचीच्या वर हवी, वर्षातून एकदा मे महिन्यात दोऱ्या तपासायच्या, गच्चीचं काम निघालं की आठ दिवसांत स्वखर्चाने काढायची, पुन्हा लावायचीही स्वखर्चाने. यातली एकही अट कुठला हॅम नाकारणार नाही. हवं तर सहा महिन्यांची परवानगी द्या आणि मग पुन्हा बघा. लहान मुलाचा अर्ज असेल तर वर जाताना मोठं माणूस सोबत हवं, हेही लिहून घ्या. भाडेकरूच्या अर्जाला फक्त तो भाडेकरू आहे म्हणून नाही म्हणू नका.

सप्टेंबरअखेर तुमच्या वार्षिक सभा आहेत. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीने बोलावलं तर मी सेट घेऊन येईन, रविवारी सकाळी, अर्धा तास. बॅटरी माझी, वायर माझी. प्रत्येकाला ऐकवेन, शंका विचारा, आणि नंतर ठरवा.

त्या मुलीची वायर सध्या तिच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी खिळ्याला गुंडाळी करून टांगलेली आहे. दोन्ही टोकांना पीव्हीसीचे तुकडे बांधून तयार, दोरीची गाठही मारून ठेवलेली. टाकीच्या रेलिंगपर्यंत जायला आम्हाला वीस मिनिटं पुरतील. तिची आई सोबत येईल, आजीही येणार म्हणतात. तुमच्यापैकी कुणी वर उभं राहून बघणार असेल तर उत्तमच. गच्चीची किल्ली कुणाकडून घ्यायची, तेवढं कळवा.

सेव्हंटी थ्री, म्हणजे आमच्या भाषेत मनापासून शुभेच्छा.

आपला,
शेजारच्या इमारतीतला एक व्हीयू२, ठाणे